सायकलवरून द्रांग-द्रुंग बघायचा असेल तर दुपार सोडून द्या

प्रश्न थोडक्यात असा आलाय की नाशिकचे चौघं मित्र ऑगस्टच्या शेवटी श्रीनगर ते लडाखच्या झांस्कर भागातलं पदुम सायकलवर निघणार, वाटेत पेन्सी ला या खिंडीजवळचा द्रांग-द्रुंग ग्लेशियर म्हणजे हिमनदी "करायचाय", जमलं तर बर्फावर चालून फोटो काढायचेत, चौघंही फिट आहेत, दर रविवारी कसारा घाट मारतात, तर एक दिवस पुरेल का, आणि "काका, क्रॅम्पॉन भाड्याने घ्यावेत का?"

आधी शेवटचं सांगतो. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे, नकोत. कारण बर्फावर जायचंच नाहीये. बाकीचं आता सविस्तर लिहितो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी या रस्त्यावर सायकल घेऊन पाच वेळा गेलोय, त्यातल्या तीन वेळा ग्रुप घेऊन. पहिल्यांदा २०१२ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा कारगिलनंतरच्या सांकूच्या पुढे रस्ता म्हणजे निव्वळ दगडगोटे होते, आता रुंदीकरण आणि डांबरीकरण बरंच झालंय त्यामुळे लोकांना वाटतं की ग्लेशियर पण सोपा झाला. रस्ता सोपा झाला. ग्लेशियर आहे तसाच आहे, उलट तोंडाशी आता तळं साचलंय त्यामुळे जवळ जाणं आधीपेक्षा अवघडच झालंय.

त्या पहिल्या वेळेला आम्ही काय केलं ते सांगतो म्हणजे बाकीचं समजेल. खिंडीच्या अलीकडच्या रंगदुम गावाहून सकाळी आरामात नऊला निघालो, पराठे वगैरे खाऊन, खिंडीत पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. पलीकडच्या उतारावर पहिल्या वळणानंतर उजव्या हाताला तो दिसतो, आणि दिसतो म्हणजे काय, अख्खी दरी भरून बर्फाचा रस्ता वळण घेत खाली आलाय असं वाटतं. कोणीही वेडा होतो. आमच्यातले दोघं म्हणाले हे काय इथंच तर आहे, अर्ध्या तासात हात लावून येऊ. सायकली रस्त्याकडेला आडव्या टाकल्या आणि उतरलो, पेडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांमध्ये. वाटेत तीन-चार ओहोळ लागले, घोट्याएवढं पाणी, उड्या मारत गेलो. अर्ध्या तासाचे दोन तास झाले तरी बर्फ काही येईना, नुसते दगडांचे ढिगारे, एक चढला की पुढे दुसरा. शेवटी कंटाळून साडेतीनला परत फिरलो तर मघाशी घोट्याएवढा होता तो ओहोळ मांडीपर्यंत आलेला, पाणी राखाडी, तळ दिसत नाही, आणि आतून दगड गडगडत जातायत त्याचा आवाज येतोय. वर-खाली फिरून पार करायला जागा शोधण्यात संध्याकाळ झाली, एकाचा बूट वाहून गेला, रस्त्याला लागलो तेव्हा अंधार पडलेला आणि दोघं थंडीने इतके कुडकुडत होते की हेल्मेटचा बकल उघडता येईना. एका ट्रकवाल्याने थांबून केबिनमध्ये बसवलं म्हणून निभावलं.

यात आमचा फिटनेस कमी पडला नाही. आम्ही वेळ चुकलो. ग्लेशियरला घड्याळ असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

ते घड्याळ असं चालतं. रात्री वर सगळं गोठतं, पहाटे पाणी सगळ्यात कमी. ऊन पडलं की बर्फाचा पृष्ठभाग वितळायला लागतो, दुपारी जोर धरतो, आणि ते पाणी बर्फावरून, भेगांमधून, पोटातून वाट काढत तोंडाशी यायला वेळ घेतं. म्हणून तोंडाजवळचे ओहोळ दुपारी तीन-चारच्या सुमाराला फुगतात आणि तेच पाणी खाली दहा-वीस किलोमीटरवरच्या नाल्यात संध्याकाळी किंवा रात्री पोचतं. त्यामुळे "दुपारी पाणी होतं, रात्री ओसरेल" असा हिशोब खालच्या नाल्याला लावू नका, तिथे उलटं पण होऊ शकतं. पहाटे सगळीकडे कमी असतं हे मात्र धरून चाला. आता रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी मोऱ्या आणि पूल झालेत तरी एखादा नाला डांबरावरून वाहतोच, आणि भरलेल्या पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या) लावलेली सायकल वाहत्या पाण्यात ढकलणं म्हणजे पाण्याला ओढायला दिलेला पडदा. पॅनिअर काढून दोन फेऱ्या मारा.

दगडांचं पण तेच. हिमनदीच्या कडेला आणि तोंडाशी जो दगडमातीचा ढिगारा असतो त्याला भूगोलाच्या पुस्तकात हिमोढ म्हणायचे, आपण शाळेत पाठ करून विसरलो, ट्रेकवाले मोरेन म्हणतात. त्या ढिगाऱ्याखाली कित्येक ठिकाणी जुना बर्फच असतो. सकाळी तो गोठलेला असतो तोवर दगड घट्ट धरलेले, ऊन लागलं की सुटे होतात आणि एखादा फ्रीजएवढा धोंडा स्वतःहून हलतो. दुपारी तिथे उभं राहिलं की दर थोड्या वेळाने खडखड ऐकू येते. आम्ही तेव्हा ती ऐकून खूश होत होतो, वा काय ग्लेशियरचा आवाज.

बर्फावर का जायचं नाही तेही सांगतो कारण "लोक जातात की" हे उत्तर मला माहितीये. ग्लेशियर म्हणजे साचलेला बर्फ नव्हे, ती नदीच आहे, फार हळू वाहणारी. वरच्या भागात वर्षानुवर्षं पडलेलं हिम दाबून बर्फ होतं आणि स्वतःच्या वजनाने खाली सरकतं. पृष्ठभागाजवळचा बर्फ ठिसूळ असल्यामुळे वळणावर, उतारावर त्याला भेगा पडतात. द्रांग-द्रुंग तर जवळपास २३ किलोमीटर लांब आहे आणि चांगलं वळण घेऊन येतो, म्हणजे भेगा असणारच. ऑगस्टमध्ये खालच्या भागात वरचं हिम गेलेलं असतं त्यामुळे तिथल्या भेगा निदान दिसतात, पण वरच्या भागात हिमाने झाकलेल्या असतात आणि त्या पायाखाली आल्यावरच कळतात. दोर, हार्नेस, क्रॅम्पॉन हे सगळं हातात असून उपयोग नाही, भेगेत पडलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं हे बाकीच्यांच्या अंगवळणी पडलेलं पाहिजे. खरंच आवड असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा, साधारण महिनाभराचा असतो, बर्फावर चालायला तिथे व्यवस्थित शिकवतात. मग जा खुशाल. भाड्याचे क्रॅम्पॉन सायकलच्या बुटांना बांधून मात्र नको.

मग बघायचं काय आणि कसं? बघण्यासारखं रस्त्यावरूनच इतकं आहे की लोक फोटो काढून पाच मिनिटात निघतात याचंच मला नवल वाटतं. बर्फावरून लांबच लांब काळे पट्टे आलेले दिसतील, एखाद्याने डांबर ओतल्यासारखे. दोन हिमनद्या एकत्र आल्या की दोघींच्या कडेचा दगडचुरा मधोमध एक होतो आणि तसाच खालपर्यंत वाहत येतो, तो हा पट्टा. पट्टे मोजलेत तर वर किती फाटे येऊन मिळालेत याचा अंदाज बसल्या जागी येतो. मग कडेच्या डोंगराकडे बघा, आत्ताच्या बर्फाच्या बऱ्याच वर एक फिकट रेघ आणि सुटा कडा दिसेल, कधीकाळी बर्फ तिथपर्यंत होता. आणि खाली तोंड. गंगोत्रीला आपण गोमुख म्हणतो ते हेच, हिमनदीचं तोंड. इथून निघते ती स्तोद नदी, तिलाच डोडा पण म्हणतात, ती पुढे पदुमजवळ त्सरप नदीला मिळून झांस्कर नदी होते आणि निम्मूला सिंधूत जाते. तुम्ही पेन्सी लापासून पदुमपर्यंत याच पाण्याच्या कडेने उतरणार आहात.

बघायला जागा सांगतो. खिंड रुंद आहे, वर दोन लहान तळी आहेत, ती सोडून पलीकडे उतार सुरू झाला की पहिल्या काही वळणांवरून समोरचं सगळं दिसतं. तिथे सायकल बाजूला लावून रस्त्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे ग्लेशियरच्या उलट्या दिशेला, गवताळ उतारावर पंधरा-वीस मिनिटं चढा. खाली उतरून जे दिसत नाही ते वर चढून दिसतं, फाटे, वळण, तळं, सगळं. सगळे खाली पळतात आणि ढिगाऱ्यात अडकतात. सकाळचं ऊन ग्लेशियरवर समोरून पडतं त्यामुळे फोटो पण सकाळीच चांगले येतात, दुपारनंतर नुसता पांढरा चटका.

आता दिवस किती. इथे मी जरा कडक बोलणार आहे. कसारा घाट मारता हे चांगलंच आहे, पण त्याचा पेन्सी लाशी संबंध पायांपुरता. खिंड साधारण ४,४०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही कितीही चढलात तरी उंचीची सवय होत नाही. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही थोडा खालीच असतो, श्वासागणिक ऑक्सिजन तेवढाच कमी. आणि फिट माणूस जास्त फसतो कारण पाय चालत असतात म्हणून तो थांबत नाही. माझ्या ग्रुपमध्ये दोन वेळा लोकांना त्रास झाला, दोन्ही वेळा ते सगळ्यात जोरात चालवणारे होते.

तुमचं सुदैव असं की श्रीनगरहून सायकलने येताय, विमानाने थेट लेहला उतरत नाही. सोनमर्ग, मग झोजिला ३,५२८ मीटर ओलांडून द्रासला मुक्काम, मग परत खाली कारगिल २,७०० च्या आसपास, हे सवयीला फार छान पडतं. (जाता जाता, जून-जुलैत झोजिलाला रस्त्याकडेच्या काळपट बर्फाच्या भिंती बघून लोक ग्लेशियर ग्लेशियर करतात, ते हिवाळ्यातल्या हिमकड्यांचं पडलेलं हिम असतं, वितळून जातं. खरा ग्लेशियर तिथे माचोई, खिंड ओलांडली की उजव्या हाताला वर दिसतो.) कारगिलला एक दिवस थांबा, कपडे धुवा, चेन साफ करा. पुढे सुरू नदीच्या खोऱ्यात पहिल्या दिवशी पनिखर, दुसऱ्या दिवशी पारकाचिक, मुद्दाम छोटा दिवस. पारकाचिकला नदीपलीकडे नुन-कुन शिखरांच्या बाजूने आलेला ग्लेशियर सुरू नदीच्या जवळपास काठापर्यंत उतरलाय, कपात चहा घेऊन बघण्यासारखा. तिसऱ्या दिवशी रंगदुम. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे, या हिशोबात तो पाळला जातो.

रंगदुमला दोन रात्री. यावर तडजोड नाही. मधल्या दिवशी सामान होमस्टेत टाका, पहाटे साडेपाचला रिकामी सायकल घेऊन निघा, साधारण २५ किलोमीटर आहे, सुरुवातीचं सपाट मैदान आणि मग चढ. नऊ-साडेनऊला वर, तास-दीड तास बसा, वर चढून बघा, आणि बाराच्या आत परत खाली रंगदुमला जेवायला. दुसऱ्या दिवशी सामानासकट तीच खिंड परत चढून पलीकडे. मला माहितीये हे ऐकून तुम्ही हसणार, एकच खिंड दोनदा? पण ग्लेशियर बघणं आणि खिंड ओलांडणं ही दोन कामं एका दिवसात घातली की दोन्ही दुपारी होतात आणि दुपारच नको असते. शिवाय पहिल्या दिवशी उंचावर जाऊन खाली झोपल्यामुळे दुसऱ्या दिवशी सामानासकट चढ सोपा जातो, हे दर वेळी पाहिलंय.

रंगदुमबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही ती लिहून ठेवा. उंचीचा त्रास झाला की खाली जा हे सगळ्यांना पाठ असतं. पण रंगदुमहून खाली म्हणजे कुठे? एका बाजूला पारकाचिक, चाळीसेक किलोमीटर जाऊन फक्त काहीशे मीटर खाली. दुसऱ्या बाजूला पदुम, पण मधे आणखी उंच खिंड. म्हणजे रात्री कोणाची तब्येत बिघडली तर सायकलने उतरणं हा पर्यायच नाही, गाडी लागते. म्हणून संध्याकाळीच होमस्टेवाल्याला विचारून ठेवा की गावात कोणाची गाडी आहे, रात्री लागली तर येईल का. बरं हॉस्पिटल कारगिल नाहीतर पदुम. डोकं दुखतंय आणि जेवण जात नाहीये इथपर्यंत थांबून बघता येतं, पण सरळ रेषेत पायाला पाय लावून चालताना तोल जातोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, ओला खोकला येतोय, तर सकाळची वाट बघायची नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते तुमच्या डॉक्टरना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि सायकलवाल्याला वाटतं हँडल धरून हात बधिर झाले, म्हणून घरीच एक-दोन दिवस घेऊन बघितलेली बरी.

सामानाबद्दल थोडंच सांगतो, बाकी यादी तुमच्याकडे असेलच. वर पोचल्या पोचल्या घामाचा टीशर्ट बदला, आधी फोटो नाही. ग्लेशियरवरून गार वारा सतत खाली वाहत असतो, चढून घामाघूम झालेला माणूस दहा मिनिटात गारठतो. डाऊन जॅकेट आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज पॅनिअरच्या वरच्या कप्प्यात, तळाशी नव्हे. चांगला गॉगल, कडेने बंद असलेला, कारण उंचीवर अतिनील किरणं वाढतात आणि बर्फावरून परत उलटतात. चालायला साधे ग्रिपवाले बूट, क्लीट नकोत. गिअर म्हणाल तर पुढची दातेरी चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा लहान पाहिजे, म्हणजे पुढे ३२ दाते असतील तर मागे निदान ४२.

पाणी. ग्लेशियरचं पाणी दुधाळ राखाडी असतं, कारण बर्फ खालच्या खडकावर जात्यासारखा फिरतो आणि दगडाचं अक्षरशः पीठ पाडतो. ते पीठ तुमचा पिळायचा फिल्टर एका दिवसात चोंदवतं. भांड्यात रात्रभर निवळत ठेवा, वरचं पाणी गाळा, किंवा कडेच्या डोंगरावरून येणारा स्वच्छ झरा शोधा. हेच पीठ चेनमध्ये आणि ब्रेकपॅडमध्ये पण जातं. माझे नवे रेझिनचे पॅड एका ओल्या दिवसात निम्मे झाले होते, तेव्हापासून मी सिंटर्डचे, म्हणजे धातूच्या भुकटीचे, लावतो आणि एक जोडी जास्तीची नेतो. टायरचं प्रेशर वर गेल्यावर थोडं जास्त दिसेल, बाहेरचा दाब कमी झालेला असतो म्हणून, घाबरू नका. भाकरवडीची पाकिटं पण फुग्यासारखी फुगतात, ती पॅनिअरमध्ये फुटली की सगळे कपडे तिखट, अनुभव आहे. पाणी तिथे ८५ अंशांच्या आसपासच उकळतं त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही, स्टोव्हवर स्वतः करायचं असेल तर पोहे, सूप, मॅगी एवढंच. नाहीतर तिथलं भाजलेल्या सातूचं पीठ घ्या, आपल्याकडे आजीच्या वेळी उन्हाळ्यात खायचे तेच धान्य, मीठ-चहात कालवलं की दोन तास पेडल मारता येतात.

फोन पोस्टपेडच लागेल, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. आणि रंगदुम ते पलीकडच्या गावांपर्यंत नेटवर्क धरूच नका, घरी तसं आधी सांगा. आधार कार्ड जवळ ठेवा. पारकाचिकपर्यंत वस्ती मुस्लिम आहे, सलाम करा, रंगदुमपासून बौद्ध, तिथे जुले म्हणा. दोन्हीकडे चहा मिळतोच.

तंबू लावून खिंडीजवळ राहायचा विचार असेल तर त्या भागात तपकिरी अस्वल आहे हे लक्षात असू द्या, खाणं तंबूत ठेवू नका. मी स्वतः आता रंगदुमलाच राहतो.

सायकली रस्त्याकडेला ठेवून वर चढताना चोरीची काळजी करू नका, कुलपाचं वजन वाचवा. मार्मोटची, म्हणजे तिथल्या बिळात राहणाऱ्या जाड्या खारींची, मात्र करा. पेन्सी लाला ते जागोजागी बिळांच्या तोंडाशी उभे असतात, गुबगुबीत, बघायला गोड, पण मिठाला हपापलेले. घामाचे ग्लोव्हज मी हँडलवर वाळत घालून गेलो होतो, खाली आलो तर एकाचा अंगठा गायब आणि तो पठ्ठ्या दहा फुटांवर बसून माझ्याकडेच बघत होता.